भुलाबाईचं वेळापत्रक

नीळकंठराव आमच्या गल्लीत राहायला आले ते निवृत्त होऊन. वडनेर भोलजीला हायवे सोडून आत वळलं की तेरा घरांची ही गल्ली लागते. त्यांनी एसटीत बत्तीस वर्षं काढली होती. त्यातली अकरा वाहक म्हणून आणि पुढची एकवीस वाहतूक नियंत्रक म्हणून, शेवटची शेगावच्या बसस्टँडवर. या बत्तीस वर्षांत त्यांच्याकडून एकही अपघात झाला नाही, हे ते पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याबरोबर सांगत. नियंत्रक केबिनमध्ये बसतो आणि केबिन जागची हलत नाही, हा तपशील त्यांच्यासमोर कोणी काढत नसे.

निवृत्तीनंतर नियंत्रण करण्यासारखं घरात फारसं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी एक नोंदवही सुरू केली. दूधवाला सहा चाळीस, विलंब दहा मिनिटं, कारण सांगितलं नाही. नळाचं पाणी तीन दिवसांनी, कारण विचारलं नाही. पत्नी शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून देवघराकडे निघाल्या तरी आपली नोंद होत असावी असा त्यांना संशय होता. एकदा त्यांनी वही उघडून पाहिली. संशय खरा होता. वरण उशिरा झाल्याची नोंद होती आणि कारणाच्या रकान्यात ‘फोन, बहीण’ असं लिहिलं होतं.

अशा माणसाच्या हाती भुलाबाई लागली.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. मातीचे भुलोबा-भुलाबाई एका घरी मांडायचे, आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचं. दारात गाणी म्हणायची. गाण्यांत सासरच्या एकूण एक माणसाचा उद्धार असतो आणि तो ऐकायला सासरची माणसं हौसेने ओट्यावर येऊन बसतात. गाणी झाली की घरधनीण झाकलेला डबा घेऊन बाहेर येते. डब्यात खिरापत असते. ती ओळखल्याशिवाय मिळत नाही. मग डबा कानाशी हलवून पाहायचा, गोड की तिखट विचारायचं, आणि चिवड्यापासून चिक्कीपर्यंत जगातली सगळी नावं घ्यायची. ओळखता आली नाही तर पोरी हरल्या. हरल्या तरी खिरापत मिळतेच, पण घरधनीण ती देताना असं काही हसते की त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं.

गेल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी एक मोटरसायकल पोरींच्या रांगेतून गेली. कोणाला लागलं नाही, एक टिपरी तेवढी मोडली. पण पूनमने भुलाबाई त्याच संध्याकाळी बंद केली. पूनम म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी अंगणवाडी सेविका. भुलाबाई तिच्याच ओट्यावर बसायची, त्यामुळे शब्दही तिचाच चालायचा. यंदा तिच्या दहा वर्षांच्या राखीने आठ दिवस आधीपासून जेवताना तोंड वाकडं करायला सुरुवात केली तेव्हा पूनमने अट घातली. कोणीतरी जबाबदार माणूस सोबत पाहिजे. आणि एकाही पोरीला साधं खरचटलं, तरी भुलाबाई बंद. या वर्षापुरती नाही, कायमची.

जबाबदार माणूस म्हटल्यावर गल्लीतल्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आपापल्या चपलांकडे. नीळकंठराव तेवढे उठून उभे राहिले. पूनमने त्यांना नीट विचारलं, “काकाजी, नऊ पोरी आहेत. जमन ना?”

“शेगावले प्रगटदिनाची गर्दी सांभाळली म्या,” नीळकंठराव म्हणाले. “नऊ म्हणजे जीपभर.”

त्या संध्याकाळी ते घरी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. शकुंतलाबाईंनी हे चटकन ओळखलं, कारण वरणाला उशीर झालेला असूनही नोंद झाली नाही.

आता नियम हवे होते. ते अमेरिकेतून आले. त्यांचा मुलगा आल्हाद तिकडे असतो, त्याची स्वरदा सात वर्षांची. व्हिडिओ कॉलवर नीळकंठरावांनी भुलाबाईचं सांगितलं तेव्हा आल्हाद म्हणाला की असंच काहीसं आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी असतं, हॅलोविन. मुलं भुताखेतांचे कपडे घालून घरोघर जातात आणि गोळ्या-चॉकलेटं मागतात. त्यासाठी शाळेने गेल्या वर्षी सुरक्षिततेचं पत्रक दिलं होतं, ते पाठवतो.

“गाणी म्हणतात?” शकुंतलाबाईंनी मागून विचारलं.

गाणी नसतात, असं कळलं. ओळखायचंही काही नसतं. दारात उभं राहून द्या म्हणायचं, नाही दिलं तर त्रास देऊ म्हणायचं.

“मंग ते भुलाबाई कायची? ते गणपतीची वर्गणी झाली,” शकुंतलाबाई म्हणाल्या आणि भाजीकडे वळल्या.

पत्रक बारा कलमांचं होतं. नीळकंठरावांनी शब्दकोश घेऊन तीन दिवस त्याचा अभ्यास केला आणि स्थानिक परिस्थितीनुसार त्याची तेवीस कलमं केली. एसटीत काम केलेल्या माणसाला मूळ परिपत्रकात भर घालता येते, वगळता मात्र काहीच येत नाही. त्यामुळे मुखवट्याने दृष्टी अडणार नाही याची दक्षता घ्यावी, हे कलम तसंच राहिलं. पोरी मुखवटे घालत नव्हत्या, पण उद्या कोणी घातले तर? भोपळ्यात मेणबत्ती लावतात, त्याच्यापासून मुलांना दूर ठेवावे, असंही एक कलम होतं. भोपळ्यात मेणबत्ती कोण आणि कशासाठी लावेल, हे त्यांना बराच विचार करूनही सुचेना. छपाईची चूक समजून त्यांनी मेणबत्ती काढली आणि भोपळा ठेवला. नियम नववा: मुलांना भोपळ्यापासून दूर ठेवावे. अमेरिकेसारखा देश विनाकारण असं लिहिणार नाही.

तिसऱ्या नियमानुसार पोरींच्या पाठीवर लाल चमकपट्ट्या आल्या. कापसाच्या ट्रॉल्यांना मागून लावतात त्याच. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात नऊ ट्रॉल्या टिपऱ्या वाजवत निघाल्यासारख्या दिसत. चौथ्या नियमात नळयोजनेच्या चारीची नोंद होती. ही चारी पाइप टाकण्यासाठी उन्हाळ्यात खोदली, पाइप यायचे राहिले. गल्लीच्या शेवटी, चांगुणाबाईंच्या घरासमोर, रस्त्याच्या उजव्या बाजूला, लांबी वीस फूट, खोली अडीच. नीळकंठरावांनी ती स्वतः काठीने मोजली होती. सहाव्या नियमाने शिट्टी आणि घंटी आणली. शिट्टी किंवा एक घंटी म्हणजे जागीच थांबायचं, दोन घंट्या म्हणजे निघायचं. दोन घंट्या ऐकू येईपर्यंत काहीही झालं तरी हलायचं नाही. याची त्यांनी दोन दुपारी कसून तालीम घेतली. सहा वर्षांची मंजुश्री थांबण्यात सगळ्यात तरबेज निघाली. तिला मुंगी चावली तरी ती हलली नाही.

अडचण आली ती पाचव्या नियमात. ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू असेल, त्याच घरी जावे. नीळकंठरावांनी बारा घरांचे बाहेरचे दिवे तपासून मार्गात घेतले. तेराव्या घरी, म्हणजे चांगुणाबाईंकडे, बाहेर दिवाच नव्हता. होल्डर होता, त्यात चिमणीने घर केलं होतं.

चांगुणाबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात. गल्लीतल्या सगळ्या आयांना भुलाबाईची गाणी त्यांनीच शिकवली, पूनमलासुद्धा. त्यांची खिरापत ओळखली गेल्याचं कोणाला आठवत नाही. नीळकंठरावांनी त्यांना नियम समजावून सांगितला आणि बल्ब बसवून घ्या, लगेच मार्गात घेतो, असं म्हटलं.

“भाऊ, चाळीस वर्षं झाली, पोरी येऊन राह्यल्या,” चांगुणाबाई म्हणाल्या. “एक बी अंधारात भिंतीवर आपटली नाही. आता बल्ब लावू तर चिमणीनं कुठी जाव?”

नीळकंठरावांनी नोंदवहीत लिहिलं: घर क्र. १३, थांबा नाही, कारण प्रकाश.

पहिल्या संध्याकाळी नऊ पोरी सात वाजता सुटल्या आणि सात वाजून चौऱ्याण्णव मिनिटांनी परत आल्या. वेळापत्रक तसंच लिहिलेलं होतं, कारण एका घराला सात मिनिटं आणि बाराव्या घरानंतर दहा मिनिटं राखीव असा हिशेब त्यांनी सरळ बेरजेने मांडला होता आणि तासात बदलायचा राहिला होता. पण फेरी वेळेवर झाली. अकराव्या नियमाची त्यात मोठी मदत झाली. कोणत्या घरी काय खिरापत आहे आणि तिच्यात काय काय घातलं आहे, हे प्रत्येक घरधनिणीने संध्याकाळी पाचपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं होतं. पत्रकात लिहिलंच होतं की मुलांनी अनोळखी पदार्थ खाऊ नयेत.

पूनमने डबा पुढे केला. ओळखा म्हणाली.

“शेंगदाण्याचे लाडू,” राखी म्हणाली. “शेंगदाणे, गूळ, विलायची. विलायची दोन.”

चार सेकंद लागले. पूनम डब्यावरचा हात काढायला विसरली. नीळकंठरावांनी घड्याळ पाहून समाधानाने मान हलवली. पूर्वी या एका कामात पोरी वीस-वीस मिनिटं घालवत, आणि सगळा धोका त्या वीस मिनिटांतच असतो.

पाचव्या दिवसापर्यंत गल्लीतल्या बायकांनी घटक लिहिण्याचा कंटाळा करून बिस्किटाचे पुडे द्यायला सुरुवात केली. घटक पुड्यावर छापलेलेच असतात. बारा घरी बारा पुडे. पोरी गाणी म्हणायच्या, पण सासूला नावं ठेवताना पूर्वी जो जोर यायचा तो येईना. पूनमला मात्र तक्रारीला जागा नव्हती. मोटरसायकल नाही, खरचटणं नाही, नऊ जायच्या नऊ यायच्या. ती म्हणाली की काकाजींनी खरंच चांगलं सांभाळलं, आणि नीळकंठरावांनी ते वाक्य तारखेसह नोंदवून ठेवलं.

सातव्या दिवशी परतताना राखी त्यांच्याजवळ आली.

“आबा, एक विचारू? आपण हे काऊन करून राह्यलो?”

“सुरक्षित राहावं म्हणून.”

“ते नाही. बिस्किटं तर घरी बी आहेत.”

नीळकंठरावांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी एक घंटी वाजवून रांग थांबवली, मोजली आणि दोन घंट्या देऊन पुढे काढली.

चांगुणाबाई रोज संध्याकाळी काहीतरी करून, डबा झाकून ओट्यावर अंधारात बसत. पोरी बाराव्या घरावरून वळत. तिथून त्यांचा ओटा पंधरा पावलांवर होता. सकाळी तीच खिरापत त्यांची न्याहारी व्हायची. शकुंतलाबाई एकदा विरजण मागायला गेल्या तेव्हा त्यांना सकाळी साडेआठला ताटलीत करंज्या दिसल्या. त्यांनी घरी येऊन ते नीळकंठरावांना सांगितलं. नीळकंठराव म्हणाले, नियम एकदा मोडला की मोडतच जातो. शकुंतलाबाई म्हणाल्या, “बल्ब तुमाले लावता येत नाही का?” त्यावर चिमणीचा प्रश्न निघाला. चिमणीबद्दल नियम नव्हता, पण त्यांच्याकडून चिमणीचं घरही मोडवेना. नीळकंठराव वाईट माणूस नव्हते. हीच तर सगळी अडचण होती.

आठव्या दिवशी बाराव्या घरासमोर शेवटचं गाणं चालू असताना लाइट गेली.

पूर्ण गल्लीची गेली. नीळकंठरावांनी बॅटरी लावली आणि तिच्या उजेडात नियमावली काढली. पाचव्या नियमाप्रमाणे ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू नाही, तिथे पोरींनी थांबायचं नव्हतं. आता एकाही घराचा चालू नव्हता. म्हणजे ज्या दारात नऊ पोरी उभ्या होत्या ते दार मार्गातून बाद झालं होतं, आणि पूनमच्या दारासकट सगळी गल्लीच बाद झाली होती. नियमानुसार पोरींना उभं राहायला वडनेरात जागा उरली नव्हती. अशा वेळी गाडी डेपोत न्यायची असते. डेपो म्हणजे पूनमचा ओटा. त्यासाठी रांग वळवायला हवी. रोज ती बाराव्या घरासमोरच वळे, पण ते दार आता बाद होतं, आणि वळवायला उरली जागा ती पुढे चांगुणाबाईंच्या घरासमोर, जिथे गल्ली रुंद होते.

त्यांनी हा निर्णय तीस सेकंदांत घेतला. आता नऊच्या नऊ पोरी डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून ते रांगेच्या पुढे आले, तोंड पोरींकडे केलं, बॅटरी त्यांच्या पायांवर धरली, शिट्टी दातात पकडली आणि उलटे चालू लागले. स्टँडवर गाडी मागे घेताना वाहक मागच्या बाजूला उभा राहून शिट्टी देतो, तसं ते मध्येच शिट्टी काढून येऊ द्या, येऊ द्या म्हणत होते. अकरा वर्षांची सवय होती.

चारी ते विसरले नव्हते. चारी रस्त्याच्या उजव्या बाजूला आहे हे त्यांना पाठ होतं, म्हणून ते आपल्या डाव्या हाताला सरकत चालले होते. उलटं चालणाऱ्या माणसाची उजवी बाजू कोणती, एवढाच मुद्दा तेवीस नियमांतून निसटला होता.

पडताना त्यांच्या दातातली शिट्टी जोरात वाजली.

नऊ पोरी जागीच थांबल्या. बॅटरी चारीत पडून वरच्या दिशेने उजेड मारत होती. त्या उजेडात पोरी रांगेत, टिपऱ्या छातीशी धरून, न हलता उभ्या. खालून कण्हण्याचा आवाज आला. कोणी हललं नाही. मंजुश्रीचा श्वासही ऐकू येत नव्हता.

“अवं उभ्या काऊन? कोणी या,” नीळकंठराव चारीतून म्हणाले.

“आबा, दोन घंट्या नाही झाल्या,” राखी म्हणाली.

तालीम चांगली झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी चिखलात चाचपडून घंटी शोधली. ती सापडायला थोडा वेळ लागला. मग चारीच्या तळातून, नीट अंतर ठेवून, दोन घंट्या वाजल्या.

पोरी धावल्या, पण त्यांच्याआधी चांगुणाबाई पोचल्या होत्या. त्या ओट्यावर अंधारातच बसलेल्या असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना लाइट गेल्याचा काही फरक पडला नव्हता. त्यांनी एका बाजूने आणि राखीने दुसऱ्या बाजूने धरून नीळकंठरावांना वर काढलं आणि आत नेलं. तेराव्या घरात, थांबा नसताना. कंदील होता. चांगुणाबाईंनी गुडघ्यावर हळद दाबली आणि पाय मुरगळलाय, मोडला नाही, असं हात लावून सांगितलं. पोरी भोवताली बसल्या. नीळकंठरावांनी त्या अवस्थेत त्यांना मोजलं. नऊ होत्या. एकीच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

मग चांगुणाबाईंनी फळीवरून झाकलेला डबा काढला आणि मध्ये ठेवला.

“ओळखा,” त्या म्हणाल्या.

ग्रुपवर या डब्याबद्दल काहीच आलेलं नव्हतं. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग आठ दिवसांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर पडलं. डबा नऊ कानांना लागला. गोड. तळलेलं. करंजी नाही, शंकरपाळे नाही, अनारसे नाही, गुलगुले नाही. मंजुश्री म्हणाली बिस्किट, तेव्हा सगळ्या तिच्यावर ओरडल्या. हरल्याचं कोणी कबूल करेना. शेवटी चांगुणाबाईंनी डबा नीळकंठरावांसमोर धरला आणि तुम्ही सांगा म्हणाल्या, नाहीतर उठू देणार नाही. तसंही त्यांना उठता येत नव्हतं. त्यांनी आठवून आठवून अकरा नावं घेतली, शेगाव स्टँडच्या कँटीनचे सगळे पदार्थ संपवले आणि हात टेकले.

चांगुणाबाई हसल्या. तेच घरधनिणीचं हसू हसत त्यांनी झाकण काढलं.

“भोपळ्याचे घारगे,” त्या म्हणाल्या.

नीळकंठरावांना नववा नियम आठवला. त्यांनी पोरींकडे पाहिलं. पोरींचे हात डब्यात गेलेले होते. मग त्यांनीही एक घेतला. दुसरा घेताना त्यांनी पाय लांब केला.

फेरी अकरा मिनिटं उशिरा आहे हे लक्षात येऊन पूनम धावत आली तेव्हा राखीच्या तोंडात घारगा आणि नीळकंठरावांच्या गुडघ्यावर हळद होती. तिने आधी नऊ पोरी उलटसुलट करून पाहिल्या. मग ती नीळकंठरावांकडे वळली. कोणी काही बोलायच्या आत राखी म्हणाली, “आई, अट पोरीईची होती. आबा पोरगी नाही.”

हा मुद्दा बिनतोड होता आणि नीळकंठरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्याला गप्प बसता येत नाही. त्यांनी खिशातून चिखलाने माखलेली वही काढली, कंदिलाजवळ धरली आणि मोठ्याने वाचत लिहिलं. अपघात, एक. जखमी, एक. कारण, नियंत्रक उलटा चालत होता. मग वही पूनमच्या हातात दिली आणि म्हणाले, “अट मोडली. मी सोबत होतो आणि कोणाले तरी लागलं. तू म्हणशील ते.”

पोरींचं चघळणं थांबलं. पूनमने नोंद वाचली. मग तिने डब्यातून एक घारगा घेतला, अर्धा खाल्ला आणि चांगुणाबाईंकडे पाहून म्हणाली की यात या वेळी जायफळ जास्त आहे. मग वही परत देत ती नीळकंठरावांना म्हणाली, “सोबत जबाबदार माणूस पायजे, ते अट तशीच आहे काकाजी. उद्यापासून राखी तुमाले सांभाळन. पोरी नीट आहेत. तुमचंच काही खरं नाही.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता रांग निघाली. ग्रुपवर खिरापतीचं काही आलं नव्हतं. एकीने विचारलं तेव्हा शकुंतलाबाईंनी तिला, ओळख, एवढंच उत्तर टाकलं. घंटी राखीच्या हातात होती. नीळकंठराव रांगेत पाचवे होते, काठी टेकत, तोंड पुढे करून, आणि मंजुश्रीने त्यांचं बोट धरलं होतं. त्यांच्या पाठीवरही लाल पट्टी होती. बारा घरं झाली, आणि रांग वळली नाही. चांगुणाबाईंच्या घरासमोर, चारीच्या अलीकडे चार पावलं, राखीने एक घंटी दिली.

नीळकंठराव जागीच थांबले. दोन घंट्या होईपर्यंत हलले नाहीत.